फेलिक्सच्या बदकातला तांदूळ

ओझेम दुगाच्या मनात फेलिक्स रोमेरोबद्दल पहिल्यांदा आग पडली, तेव्हा त्याच्या गोठ्यातल्या गाईचं दूध तीन दिवस नासलेलंच निघत होतं, असं बायू मिरोच्या, म्हणजे त्या दलदलीतल्या संथ ओढ्याच्या, काठचे लोक सांगतात. ओझेम म्हणे, चारा ओला होता. पण चारा काही बदलला नाही, आणि चौथ्या दिवशी फेलिक्स सर्दीनं अंथरुणाला खिळल्याची बातमी आली तेव्हा दूध आपोआप गोड झालं. गाय तर फेलिक्सला ओळखतही नव्हती.

भानगड होती ती ओदिलच्या मागच्या पडवीची.

ओदिल त्राहाँ विधवा बाई, अठ्ठावन्न वर्षांची. तिचं घर बायूच्या त्या काठाला, ओझेमचं या काठाला, मध्ये चहाच्या रंगाचं संथ पाणी. ओदिल तेलात पीठ परतायला बसली की ते पीठ काळ्या घोड्याच्या रंगाचं होईपर्यंत उठत नसे, मग देवदूत दारात आला तरी. तिच्या गंबोचा, त्या पिठाच्या दाट रश्श्याचा, वास सुटला की चर्चमधलं रविवारचं प्रवचन आखूड व्हायचं. पाद्रीबाबाही माणूसच.

ओझेमची बायको जाऊन चौदा वर्षं झाली होती. त्यातले अकरा हिवाळे, बदकांचा मोसम सुरू झाला की दर शनिवारी उजाडायच्या आत तो होडी वल्हवत पलीकडे जायचा आणि ओदिलच्या पडवीच्या खांबावर एक खिळा होता त्याला बदकांची जोडी अडकवून यायचा. पिसं स्वतःच्या हातानं उपटलेली, कातडी अखंड, डोकी आणि पाय जागच्या जागी. बायू मिरोला बदक द्यायचं ते असंच. सोललेलं बदक कोणी दिलंच, तर लोक समजायचे, गड्याचा नेम चुकलाय आणि छर्‍यांनी केलेली चाळण लपवतोय. रविवारी ओदिल त्या जोडीचा गंबो करायची, भातावर वाढायची, आणि ओझेम समोर बसून तीन वाडगे हाणायचा. अकरा वर्षांत त्यानं काही विचारलं नाही, तिनं काही सुचवलं नाही. दोघं लहानपणी एका बाकावर बसलेली. जे बोलायचं ते खिळा बोलत होता.

आणि मग गेल्या हिवाळ्यात फेलिक्स रोमेरो गावी परत आला.

तीस वर्षं समुद्रातल्या तेलविहिरींवर काढून आलेला हा माणूस. केस सगळे शाबूत, दात सगळे शाबूत. ओझेमनं दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी मोजून घेतल्या आणि दोन्हींचा त्याला सारखाच राग आला. त्यात फेलिक्स वेताची शिट्टी करायचा, बदकांना बोलवायची. ती तो वाजवायला लागला की खरी बदकं भुलवायला पाण्यावर सोडलेली लाकडी बदकंसुद्धा मान वळवून बघायची. एका लाकडी बदकानं म्हणे अंडंही घातलं. ते अंडं मात्र कोणी पाहिलेलं नाही.

दुसर्‍याच शनिवारी ओदिलच्या खांबावर दुसरा खिळा दिसला.

"हा कोणाचा?" ओझेमनं विचारलं.

"खिळा आहे. खांबाला आहे. खांब माझा आहे," ओदिल म्हणाली आणि कॉफी आणायला आत गेली.

त्या खिळ्याला जी जोडी लटकत होती तिच्याकडे ओझेम बघतच राहिला. एवढी गुबगुबीत बदकं त्यानं आपल्या खिळ्याला कधी लावली नव्हती. दोन्हींच्या माना लाल जाळीच्या दोर्‍यानं बांधलेल्या आणि त्या दोर्‍याला खलाशी घालतात तसली गाठ, फुलासारखी. बदकाला असली गाठ! ओझेम आपली बदकं सुतळीनं आवळायचा. अकरा वर्षं सुतळीबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

तेव्हापासून तो शनिवारी आणखी लवकर निघायला लागला. फेलिक्सची जोडी आपल्यापेक्षा किरकोळ असेल तर तो तिला हातही लावायचा नाही, उलट वार्‍यानं फिरली असेल तर नीट समोर करून ठेवायचा, ओदिलला फरक दिसावा म्हणून. पण जोडी सरस असली की ती खिळ्यावरून काढून होडीत टाकायचा आणि घरी न्यायचा. बहुतेक शनिवारी ती सरसच असायची. घरी नेऊन खायची तर सोयच नव्हती. फेलिक्सचं बदक आपल्या पोटात, या कल्पनेनंच त्याला आंबट ढेकर यायचे. म्हणून तो ती तांदळाच्या कोठारामागे भिरकावून द्यायचा.

"या शनिवारी फेलिक्सनं काही ठेवलं नाही वाटतं," ओदिल म्हणायची.

"विसरला असेल. समुद्रावरची माणसं, त्यांना वार कुठले कळतात?" ओझेम म्हणायचा.

पुढे फेलिक्सनंच सांगितलं की मी तर दर शनिवारी जोडी लावतो. तेव्हा ओझेमनं डोकं खाजवून निदान केलं, "रॅकून असेल. फार चोरटा प्राणी."

"पण रॅकून तुझी बदकं का नेत नाही रे?"

"माझी सुतळी त्याच्या दातांना जड जात असेल."

कोठारामागे आयतं जेवण पडायला लागलं तशी वार्ता पसरली, आणि कोठाराच्या फळ्यांखाली स्कंक राहायला आले. काळं अंग, पाठीवर पांढरा पट्टा, आणि शेपटीखाली असा दर्प की माणूस आपलं नाव विसरावा. आधी एक जोडपं आलं, मग त्यांचे सासूसासरे आले. वसंतात पोरंबाळं झाली. पावसाच्या पाण्याबरोबर त्यांची घाण कोठारामागून थेट ओझेमच्या भातखाचरात वाहत जायची. वारा दक्षिणेचा असला की ओझेम तोंडाला रुमाल बांधून जेवायचा आणि म्हणायचा, फेलिक्स गावात यायच्या आधी एवढी घाण नव्हती. हे तसं खरंच होतं.

या साली मोसम सुरू झाला त्या दिवशी ओदिलनं दोघांनाही पडवीत उभं केलं.

"ऐका दोघंही. एक बाई, एक चूल आणि दोन खिळे, हे मला झेपत नाही. माझे पाय आता तुमच्या दोघांच्या कॉफ्या करण्याइतके तरुण नाहीत. मोसमाच्या शेवटच्या रविवारी जेवायला या. त्या दिवशी मी एक खिळा उपटीन. ज्याचा राहील त्यानं आपली खुर्ची घेऊन इकडे राहायला यावं."

फेलिक्सनं टोपी काढून मान लववली. ओझेमनं टोपी काढली नाही, कारण खाली केस नव्हते. पण घरी गेल्यावर त्यानं बापाची जुनी खुर्ची माळ्यावरून काढली, तिला कोर्‍या गाईच्या कातड्याची बैठक ओढून बसवली आणि दाराशी ठेवून दिली, निघायला तयार. अख्खा मोसम तो त्या खुर्चीवर स्वतःसुद्धा बसला नाही.

अशा रीतीनं शेवटून दुसरा शनिवार उजाडला. ओझेमनं आपली जोडी खिळ्याला लावली आणि शेजारी फेलिक्सची जोडी पाहिली. डोक्यांवरूनच ओळखू येत होती, तपकिरी ठिपक्यांची बारमाही बदकं, उत्तरेकडून पाहुणी येतात त्यातली नव्हेत, आपल्याच दलदलीत जन्मून वाढलेली, आणि एकेक म्हणजे उशी. वर ती गाठ. त्यानं हात पुढे केला, तेवढ्यात दार उघडलं.

"आलास? बरं झालं," ओदिल म्हणाली. "दे ती इकडे. फेलिक्सचीच दे, ती मोठी आहेत. आणि आत ये, भिजलेल्या कोंबडीसारखा उभा काय राहिलायस?"

ओझेमला आपल्या हातानं फेलिक्सची बदकं तिच्या हातात द्यावी लागली. हे दुःख त्यानं पुढे पाद्रीबाबांपाशीही बोलून दाखवलं.

स्वयंपाकघरात ओदिलनं सुरी परजली. "डॉक्टरनं चरबी बंद केलीय माझी. आजपासून बदक कातडी काढून शिजवायचं. काय जगणं आहे का हे?" असं म्हणत तिनं बदकाच्या छातीवरून कातडी सदर्‍यासारखी ओढून काढली, आणि तिचा हात थांबला.

लालभडक मांसात तांदूळ होता. एक नाही, दोन नाही, शेकडो पांढरे दाणे, लांबट, मांसाच्या रेषांबरोबर ओळीनं बसलेले. जणू कोणी वाफ्यात हातानं पेरले असावेत.

"अगं आई," ओदिल म्हणाली. "किडे आहेत का काय रे हे?"

ओझेम वाकला. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा वाकला. दुसरा कोणी असता तर त्याला किळस आली असती. ओझेमच्या डोक्यात मात्र वर्षभर फेलिक्सशिवाय दुसरं काही शिरलेलं नव्हतं, त्यामुळे दाणे दिसताक्षणी त्याला जे दिसायचं तेच दिसलं.

"किडे कसले? तांदूळ आहे हा. लांब दाण्याचा. माझा!"

"तुझा?"

"अगं, चाळीस वर्षं पिकवतोय, माझा दाणा मला कळत नाही? हे बदक माझ्या खाचरात बसून एवढं चरलंय, एवढं चरलंय, की पोटात जागा उरली नाही. मग तांदूळ जाणार कुठे? अंगात मुरला!"

"लोणच्यासारखा?"

"लोणच्यासारखा. म्हणजे कळलं का तुला काय झालं ते? तुझा तो फेलिक्स सरकारी दलदलीत नाही जात शिकारीला. माझ्या शेतात घुसून मारतो!"

ओदिल सुरी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. "माझा तो फेलिक्स," ती हळूच म्हणाली, पण ओझेमला ऐकू गेलं नाही. तो ते बदक ताटासकट उचलून दाराबाहेर पडलाही होता.

बायू मिरोला दुसर्‍याच्या शेतावर न विचारता बदक मारणं म्हणजे दुसर्‍याच्या ताटात हात घालण्यासारखं. अशा माणसाला कोणी कॉफीला बोलवत नाही, त्याची होडी अडकली तर कोणी दोर टाकत नाही, आणि विधवा बाई तर त्याचा खिळा ठेवणारच नाही. म्हणून ओझेम तडक बातिसच्या दुकानात गेला. शनिवारी सकाळी सगळे तिथेच असतात. फेलिक्सही पिंपावर बसून कॉफी पीत होता. ओझेमनं ताट गल्ल्यापाशी ठेवलं, खिशातून आपल्या कोठारातला मूठभर तांदूळ काढला आणि बदकाच्या शेजारी ओतला.

"बघा! दाण्याला दाणा लावून बघा!"

सगळे वाकले. दाणा तेवढाच लांब, तेवढाच जाड.

"बाप रे, हे तर घरूनच भात घेऊन आलेलं बदक आहे," बातिस म्हणाला. "ओदिलचं काम निम्मं झालं की."

"हसण्यावारी नेऊ नकोस. हा माणूस माझ्या शेतात चोरून शिकार करतो!"

फेलिक्सनं कप खाली ठेवला. "ओझेम, मी जुन्या बांधाच्या पलीकडे मारली ती. तुझ्या शेतापासून मैलभर लांब. हा बातिसचा भाऊ होता सोबत."

"मग बांधापलीकडे मारली असशील. पण वाढली कुठे? माझ्यात! माझं खाल्लं, माझं पाणी प्यायलं, माझ्या कोठाराच्या सावलीत झोपली. चारून मोठी करायची मी, आणि लाल दोरा बांधून मिरवायची तू?"

"बदकांवर काय तुझं नाव लिहिलंय का?"

"लिहिलंय! आतून लिहिलंय!" ओझेमनं एक हात त्या बदकावर ठेवला आणि दुसरा वर केला. "माझ्या आईच्या थडग्याची शपथ, ज्या बदकात हा दाणा आहे ते माझ्या शेतावर वाढलेलं आहे. एकूण एक!"

आईच्या थडग्याची शपथ घेतल्यावर बायू मिरोचा माणूस मागे फिरत नाही. मग एकेकजण उठून घरी गेला आणि आपापली बदकं सोलायला लागला. पिढ्यान्पिढ्या कातडीसकट शिजवणारे लोक, कातडीखाली काय असतं ते कोणी कधी पाहिलंच नव्हतं. दुपारपर्यंत सहा घरांतून बातमी आली की आमच्याही बदकात तांदूळ आहे. बायका किंचाळल्या. एकीनं तर गंबोचं अख्खं पातेलं बायूत ओतलं, आणि तिथले मासे, म्हणतात, पुढचे तीन रविवार त्याच जागी रांग लावून उभे होते.

ओझेम घरोघर जाऊन दाणे बघत होता आणि मान डोलवत होता. "माझंच. हेही माझंच. अरे वा, हे तर अगदी माझं." संध्याकाळी तो असा चालत होता, जणू अख्खा तालुका त्याच्या पंगतीला जेवतोय. फेलिक्सकडे कोणी बघत नव्हतं. ओझेमनं घरी आल्यावर खुर्चीच्या बैठकीवरची धूळ पुसली.

ओदिल मात्र त्याच दिवशी शहरात फोन करून मोकळी झाली होती. बुधवारी पाखरांची सरकारी डॉक्टर आली. कॅमिल सोनिये तिचं नाव, पंचविशीतली पोरगी, गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट. बातिसच्या दुकानात सगळे जमले. तिनं तीन-चार बदकं कापून पाहिली, एक दाणा सुरीच्या टोकावर घेऊन चिरला, भिंगाखाली धरला.

"हा तांदूळ नाही, मंडळी. ही पिशवी आहे. आत डोळ्याला न दिसणारे परजीवी आहेत, हजारोंनी."

दुकानातल्या निम्म्या लोकांनी पोटावर हात ठेवला.

"घाबरू नका. नीट शिजवलं की मरतात, माणसाला काही करत नाहीत. दिसायला ओंगळ, एवढंच. तुमच्या आजोबांनीही खाल्ले असतील."

"आजोबा एकशे दोन वर्षं जगले," बातिस म्हणाला. "आता कळलं कशावर."

"पण हे बदकात येतात कुठून, डॉक्टरबाई?" ओदिलनं विचारलं.

"तीच गंमत आहे, मावशी. या जिवाला संसार करायला दोन घरं लागतात. एक बदक आणि एक स्कंक. मेलेलं बदक स्कंकनं खाल्लं, की हा त्याच्या आतड्यात जाऊन वाढतो. स्कंकच्या घाणीतून बाहेर पडतो, घाण पाण्यात जाते, पाण्यात चरणारं बदक तो गिळतं. काही महिन्यांनी छातीत हे दाणे. ते बदक पुन्हा स्कंकला मिळालं की फिरून पहिल्यापासून." तिनं सुरी पुसली. "एखाददुसरं बदक असं निघतंच. पण इतकी सगळी, एका गावात, आणि तीही बारमाही इथलीच बदकं? म्हणजे कुठेतरी जवळपास स्कंकांना बदकांची पंगत चालू आहे. वर्षभर तरी झालं असेल. ती जागा सापडली तर बंद करता येईल. ही बदकं कुठे चरतात काही कल्पना?"

सगळ्या माना ओझेमकडे वळल्या. थेट नाही, हळूहळू, फेलिक्सच्या लाकडी बदकांसारख्या.

कोठाराखालचं सासर-माहेर ओझेमच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

"काका, तुम्ही म्हणालात ना तुमच्या शेतावरची?" कॅमिलनं विचारलं. "पण तसं खात्रीनं सांगता येत नाही हो. बदक उडतं. कुठलीही असू शकतील."

सुटायला एक भोक होतं. बदक उडतं, एवढं म्हटलं की झालं. शपथेचं काय, तर आईला तो थडग्यावर फुलं वाहून समजावू शकला असता. त्यानं तोंड उघडलंही. पण तेवढ्यात फेलिक्स मध्ये बोलला.

"ओझेमची चूक झाली असेल," फेलिक्स शांतपणे म्हणाला. "रागात माणूस बोलतो. मी म्हणतो, बांधापलीकडची असतील बदकं. सोडून द्या ना."

त्यानं ते चांगल्या मनानं म्हटलं होतं, आणि सगळं बिघडलं ते तिथेच. ओझेमनं पाहिलं की ओदिल फेलिक्सकडे बघतेय, आणि कशी बघतेय. गंबोचं पीठ बरोबर रंगाला आलं की ती त्या पातेल्याकडे असं बघायची. फेलिक्सनं बदकं सरस मारायची, गाठ सरस मारायची, आणि आता आपल्याला वाचवायचंही त्यानंच?

"चूक?" ओझेम गरजला. "कोणाची चूक? माझीच आहेत ती! माझ्याच शेतावरची! एकूण एक! आईच्या थडग्याची शपथ घेऊन सांगितलंय मी!"

"बरं," कॅमिल म्हणाली. "चला मग, बघू या."

गाव तयारच होतं. बायका, म्हातारे, एक बाळंतीणसुद्धा, सगळे ओझेमच्या मागून निघाले. कोठार शंभर पावलांवर आलं तेव्हाच पुढच्या रांगेतल्या लोकांनी नाकं धरली. कॅमिलनं फळी उचलली. आतून काळ्यापांढर्‍या शेपट्या उभ्या राहिल्या, तशी गर्दी एका दमात बायूपर्यंत मागे हटली. थोड्या वेळानं शेपट्या निघून गेल्या. खाली हाडं होती. बदकांची, ढिगानं. आणि हाडांमध्ये, पावसानं फिके पडलेले पण स्पष्ट, लाल दोरे होते.

फेलिक्स पुढे गेला. वाकून त्यानं एक दोरा उचलला, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकाला ती फुलासारखी गाठ. वर्षभर चिखलात पडूनही एकही सुटली नव्हती. अशा वेळीसुद्धा ओझेमच्या मनात आलं, की सुतळी एवढी टिकली नसती.

"रॅकून," ओदिल म्हणाली.

फक्त एवढंच. आणि पाठ फिरवून चालायला लागली. फेलिक्सनं मूठभर दोरे खिशात घातले आणि तोही गेला, ओझेमकडे न बघता. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

त्या शनिवारी ओझेम खिळ्याकडे गेला नाही. सबंध दिवस त्यानं हाडं पुरण्यात घालवला, कंबरेइतका खड्डा खणून, कॅमिलनं सांगितलं होतं तसा. रविवारी जावं की न जावं, याचा विचार करत तो खुर्चीसमोर उभा राहिला. नाही गेलो तर फेलिक्स एकटाच जेवेल, हा विचार शेवटी जास्त जड गेला. त्यानं स्वच्छ सदरा घातला, खुर्ची दाराशीच ठेवली, आणि होडी काढली.

पडवीत पाऊल टाकताच त्यानं खांबाकडे पाहिलं. दोन्ही खिळे जागेवर होते. त्याच्या काळजानं उगीचच एक उडी मारली.

आत लांब टेबलाभोवती फेलिक्स, बातिस, त्याचा भाऊ, शेजारपाजार बसलेला. "बस," ओदिल म्हणाली, आणि रिकाम्या जागेकडे बोट केलं, फेलिक्सच्या बरोबर समोर. ती वाढायला लागली. प्रत्येक वाडग्यात आधी भाताचा डोंगर, मग त्यावर काळाभोर गंबो. फेलिक्सला भात, बातिसला भात. ओझेमच्या वाडग्यात नुसता गंबो पडला, आणि त्यात तरंगणारा बदकाच्या छातीचा एक मोठा तुकडा, ज्यात पांढरे दाणे ओळीनं दिसत होते.

"ओदिल," तो खालच्या आवाजात म्हणाला, "भात?"

"तुझा आतच आहे," ती म्हणाली. "तुझ्याच शेतावरचा. अख्ख्या गावासमोर शपथ घेतलीस ना? खा. चार तास शिजवलंय, मरणार नाहीस."

ओझेमनं चमचा उचलला. पहिला घास गिळताना त्याचे डोळे मिटले होते. दुसर्‍याला उघडले. तिसर्‍या घासाला त्याच्या लक्षात आलं की हा ओदिलच्या हातचा गंबो आहे, आणि कदाचित शेवटचा आहे. मग तो सावकाश खायला लागला.

फेलिक्सला राहवलं नाही. "एकट्याला कशाला, ओझेम. बदक माझंच आहे की ते. दे, एक घास मीही घेतो," असं म्हणून त्यानं चमचा पुढे केला.

ओझेमनं दोन्ही हातांनी वाडगा छातीशी ओढला.

"हात लावू नकोस!" तो ओरडला. "हे तिनं मला वाढलंय!"

आधी बातिस हसला, मग त्याचा भाऊ, मग ओदिल. टेबलाला धरून, पदरानं डोळे पुसावेत तसे पोलक्याच्या बाहीनं डोळे पुसत ओदिल हसली. अकरा वर्षांत ओझेमनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसताच ती उठली, फडताळातून हातोडी घेतली आणि पडवीत गेली. लाकडाचा कुरकुरण्याचा आवाज आला. परत येऊन तिनं एक गंजलेला खिळा ओझेमच्या वाडग्याशेजारी ठेवला. त्याला सुतळीचे धागे चिकटलेले होते.

"तू बदकं चोरलीस याचं मला एवढं नाही वाटलं," ती म्हणाली. "पण दोन मोसम मी दर शनिवारी विचार करत बसायचे, फेलिक्स जोडी लावतो म्हणतो ते खरं, की त्याला माझा कंटाळा आलाय. ते तू मला करायला लावलंस."

ओझेमनं वाडगा पुसून खाल्ला, खिळा खिशात घातला, आणि सगळ्यांना, फेलिक्ससकट, टोपी काढून दाखवली. केसांचं आता काय लपवायचं?

वसंत आला. स्कंक दुसरीकडे गेले, फेलिक्सची खुर्ची ओदिलच्या पडवीत आली. ओझेम आपल्या काठावर, गाईच्या कातड्याच्या कोर्‍या खुर्चीवर बसून पलीकडे बघायचा. त्याची लांबची नजर शाबूत होती, पाण्यापलीकडच्या खांबावरचं खिळ्याचं भोकही त्याला दिसायचं. मे महिन्यात एक कुंभारीण माशी त्या भोकाशी घिरट्या घालायला लागली. मुगाएवढा चिखल आणायची, लिंपायची, पुन्हा जायची. चार दिवसांत तिनं ते भोक बुजवून त्यात घर केलं. ओदिल कॉफी घेऊन बाहेर आली की माशी तिच्या कानाजवळून गुणगुणत जायची, आणि ओदिल तिला हाकलायची नाही.

पाचव्या दिवशी ओझेमच्या गाईचं दूध पुन्हा नासलेलं निघालं.